बाहेर राहिलेल्या मुली कोण मोजणार?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरावृत्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटीच आहे. विषय मला जरा अडचणीचा आहे, कारण त्यात माझीच एक चूक आहे. ती आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला सोपं जाईल.

नवीन श्रोत्यांसाठी सांगते, मी हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सोमवार ते शुक्रवार पेमेंट सिस्टिम, आणि रविवारी सकाळी पिंपरी-चिंचवडमधल्या एका वस्तीत दहावीच्या मुलींना भेटायला जाते. एक छोटी संस्था हा उपक्रम चालवते. आमच्यासारख्या नोकरी करणाऱ्या मुलींना तिथे 'मेंटॉर' म्हणतात. कागदावर 'मार्गदर्शक' असं लिहिलेलं असतं आणि मुली 'ताई' म्हणतात. एकेकीकडे तीन-चार मुली. अभ्यास आम्ही घेत नाही, त्याला क्लास आहेत. आम्ही बसतो, बोलतो. पाळी, मोबाईल, अकरावीला काय घ्यायचं, बसमध्ये कोण त्रास देतंय, घरी लग्नाचं बोलणं निघालंय का. कधी कधी दोन तास नुसतं वडापाव खाऊन हसण्यात जातात. तेही चालतं.

मी इंजिनिअर, त्यामुळे संस्थेचा सगळा डेटा आपोआप माझ्या गळ्यात पडला. मी एक डॅशबोर्ड केला. देणगीदारांसाठी वार्षिक अहवाल निघाला, त्यात पहिल्याच पानावर माझा आकडा होता: ९१ टक्के मुलींनी अकरावीला प्रवेश घेतला. ठळक टाइपात, शेजारी हसऱ्या मुलींचा फोटो. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांनी अंगठा दाखवला, आत्याने फुलं पाठवली.

माझ्याकडच्या चारजणींतली एक मुलगी नोव्हेंबरपासून यायची बंद झाली होती. तिचं नाव सांगत नाही. भूगोल आवडायचा, नकाशे सुरेख काढायची. फोन लागेना. मला वाटलं घर बदललं असेल, वस्तीत ते नेहमीचंच. मे महिन्यात तिची मैत्रीण सहज बोलता बोलता म्हणाली, "ताई, तिचं तर दिवाळीनंतर गावाला लग्न झालं. तुम्हाला माहीत नाही?"

१०९८ ला फोन करायची वेळ तेव्हाच निघून गेली होती. ती सोळा वर्षांची होती.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडला, कारण मला एक शंका आली होती. ९१ टक्क्यांच्या हिशोबात ती कुठे होती? मग मी लिहिलेली क्वेरी सापडली. त्यात एक अट होती: फक्त 'सक्रिय' मुली घ्या. सलग सहा आठवडे न आलेली मुलगी यादीत आपोआप 'निष्क्रिय' व्हायची. ते मीच बसवलेलं होतं, मेसेजचे पैसे वाचावेत म्हणून. म्हणजे जी मुलगी हातातून निसटली, ती माझ्या छेदातूनही निसटली. जूनमध्ये नावं होती ३४. मार्चमध्ये सक्रिय २३. त्यातल्या २१ जणी अकरावीला गेल्या. २३ पैकी २१, म्हणजे ९१ टक्के. गणित बरोबर आहे हो. प्रश्नच चुकीचा होता.

मग आम्ही त्या ११ जणींना शोधायला निघालो. दोन महिने गेले. सहाजणी दुसरीकडे शिकत होत्या, त्यांनी फक्त आमच्याकडे येणं सोडलं होतं. तिघी घरी होत्या किंवा कामाला लागल्या होत्या. दोघींची लग्नं झाली होती. म्हणजे खरा आकडा ३४ पैकी २७, ७९ टक्के. ११ जणी सापडल्याच नसत्या तर ६२ च्या पुढे काही म्हणता आलं नसतं. एकच वर्ष, त्याच मुली, आणि आकडे तीन.

इथपर्यंत ठीक आहे, हा प्रोग्रॅमरचा नेहमीचा बग आहे. पण ७९ हा आकडा हातात आल्यावर मला जो प्रश्न पडला तो जास्त अवघड होता. ७९ चांगले की वाईट? आम्ही नसतो तर किती असते? ६५? ७९च? की ८२, आणि आम्ही रविवारी मुलींचा अभ्यासाचा वेळ खाल्ला?

'आम्ही नसतो तर' हे जग कोणी पाहिलेलं नसतं. हीच या सगळ्या प्रकारातली गोम आहे.

आपल्याकडचंच एक उदाहरण घेऊ. पैठण तालुक्यात पाचोड आहे, तिथे इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट नावाची संस्था आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी अविवाहित किशोरवयीन मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग सुरू केला. संध्याकाळी एक तास. शिकवायला गावातल्याच बायका, सातवीपर्यंत तरी शिकलेल्या. मला हे फार आवडतं, कारण आजही असे उपक्रम म्हटले की आपण शहरातून बस भरून माणसं नेतो. तिथे काही वर्षांत मुलींच्या लग्नाचं मधलं वय १६ वरून १७ वर गेलं. मधलं म्हणजे सगळ्या लग्नांची वयानुसार रांग लावली तर बरोबर मध्यावर येईल ते. एक वर्ष ऐकायला कमी वाटतं, पण अख्ख्या रांगेचा मध्य एक वर्षाने हलणं ही लहान गोष्ट नाही.

त्याच कामाबद्दल आणखी एक वाक्य नेहमी सांगितलं जातं: ज्या भागात वर्ग नव्हता तिथल्या मुलींचं अठराच्या आत लग्न होण्याची शक्यता, वर्ग पूर्ण केलेल्या मुलींच्या चौपट होती. हे वाक्य मी आधी वाचलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. आता मी 'पूर्ण केलेल्या' या दोन शब्दांवर थांबते. वर्षभर रोज संध्याकाळी वर्गाला जाऊ दिलं जातं ती मुलगी कुठल्या घरातली असेल? जिथे आई म्हणते, जा, भाकऱ्या मी बघते. त्या घरात लग्नाची घाई आधीच कमी असणार. आणि जिचं लग्न मध्येच ठरलं ती पूर्ण कशी करणार? माझी 'सक्रिय'वाली अट, वेगळ्या कपड्यात. पाचोडचं काम कमी लेखायचा माझा हेतू अजिबात नाही, गावागावातला बदल त्यांनी स्वतंत्रपणे मोजलाय. पण तिथे गावं चिठ्ठी टाकून वाटलेली नव्हती. एका भागात उपक्रम होता, दुसऱ्या भागात नव्हता, आणि दोन भाग दहा बाबतींत वेगळे असू शकतात.

तर चिठ्ठी. इंग्रजीत रँडमाइज्ड ट्रायल, पाठ्यपुस्तकी मराठीत 'यादृच्छिक नियंत्रित चाचणी', जे एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा. आपल्याकडे त्याला सोपा शब्द आहे: सोडत. म्हाडाची सोडत, आरटीईची सोडत. भिशीत डब्यातून चिठ्ठी काढतात, तसंच. कोण आत जाणार आणि कोण बाहेर राहणार हे नशिबावर सोडलं की एक गंमत होते. आतल्या आणि बाहेरच्या गटात हुशार मुली, आळशी मुली, कडक बापाच्या मुली, मायाळू आज्यांच्या मुली साधारण सारख्याच पडतात. संख्या मोठी असेल तर जे आपल्याला मोजता येत नाही तेसुद्धा सारखं पडतं. मग नंतर दोन गटांत जो फरक दिसतो तो उपक्रमाचा. बाहेरचा गट म्हणजे आपण न पाहिलेलं ते 'आम्ही नसतो तर'चं जग, जेवढं पाहता येईल तेवढं.

ही पद्धत गरिबीच्या प्रश्नांना लावल्याबद्दल २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना. बॅनर्जींच्या आई निर्मला माहेरच्या पाटणकर, त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या घरी ते 'आपलेच' झाले होते.

मुलींच्या मेंटॉरिंगवर ही पद्धत लावलेला जो अभ्यास मी सगळ्यात जास्त वेळा वाचलाय तो युगांडातला आहे. ब्रॅक ही मूळ बांगलादेशातली संस्था, १९७२ साली फझले हसन अबेद यांनी सुरू केलेली. युगांडात तिने २००८ मध्ये मुलींचे क्लब काढले. वय १४ ते २०. क्लब शाळेच्या बाहेर, वस्तीत, आठवड्यातले पाच दिवस दुपारनंतर उघडा. चालवणारी मेंटॉर त्याच वस्तीतली, मुलींपेक्षा थोडीच मोठी. तिथे खेळ, गप्पा, नाच, आणि त्यातच शरीर, गर्भधारणा, एचआयव्ही, नाही कसं म्हणायचं, वधूमूल्य आणि बालविवाहाबद्दल कायदा काय म्हणतो हे सगळं. शिवाय हाताला काम: शिवण, केशरचना, कोंबड्या पाळणं, छोटा धंदा. नुसतं 'स्वतःवर विश्वास ठेव' असं सांगून सोडलं नाही, चार पैसे कसे येतील तेही दाखवलं.

आता मोजणी कशी केली बघा. एकूण १५० वस्त्या आणि गावं, काही कंपालाच्या आसपासची, काही जिंजा-इगांगाच्या ग्रामीण भागातली. सोडतीने १०० ठिकाणी क्लब, ५० ठिकाणी नाही. मुलींची सोडत काढली नाही, वस्त्यांची काढली. का? कारण एकाच गल्लीतल्या दोघींपैकी एकीला आत घेतलं आणि दुसरीला बाहेर ठेवलं, तर आतली संध्याकाळी नळावर सगळं सांगणारच. सांगायलाच हवं! पण मग बाहेरची बाहेर राहत नाही आणि फरक पुसला जातो. आम्ही ऑफिसात ए-बी टेस्ट करतो, अर्ध्या लोकांना निळं बटण, अर्ध्यांना हिरवं. निळं बटणवाला हिरव्याला फोन करून सांगत नाही. मुली सांगतात.

दुसरी गोष्ट, आणि इथे मी खुर्चीत सरळ बसले. क्लबच्या वस्त्यांत प्रत्यक्ष क्लबला गेल्या त्या साधारण पाचातली एक मुलगी. येणं ऐच्छिक होतं. मी असते तर काय केलं असतं? 'सक्रिय' मुली घेतल्या असत्या. त्यांनी क्लबला गेलेल्या आणि न गेलेल्या, सगळ्या मुली मोजल्या, आणि तुलना केली क्लब असलेल्या वस्तीची क्लब नसलेल्या वस्तीशी. कारण सोडत वस्तीची निघाली होती; कोण क्लबला गेलं ते मुलीनं किंवा तिच्या घरानं ठरवलेलं होतं. सोडतीने जो गट ठरला, त्याच गटात शेवटपर्यंत मोजायचं. यात उपक्रमाचा परिणाम पातळ दिसतो, कारण न गेलेल्याही त्यात येतात. संस्थांना हे आवडत नाही. पण पातळ असला तरी तो खरा.

चार वर्षांनंतर काय दिसलं? क्लबच्या वस्त्यांत कमाईचं काही काम करणाऱ्या मुलींचं प्रमाण ४.९ टक्क्यांनी, म्हणजे शंभरात जवळपास पाचजणींनी, जास्त. किशोरवयात गर्भार राहण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी. लवकर लग्न किंवा एकत्र राहणं कमी. आणि इच्छेविरुद्ध संबंध आल्याचं सांगणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने कमी. ओरियाना बांदिएरा, इम्रान रसूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा पेपर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

इथे एक छोटी सवय सांगते. कमाईचा तोच ४.९ चा फरक '४८ टक्के वाढ' असाही लिहिता येतो, आणि लिहिलाही जातो. दोन्ही बरोबर. सुरुवातीला शंभरात साधारण दहाजणी कमवत होत्या, त्यावर पाच म्हणजे निम्मी वाढ. अहवालात ४८ छापलं जातं आणि देणगीदाराच्या डोळ्यांपुढे निम्मं गाव उभं राहतं. टक्के वाचले की मी आता आधी विचारते, कशाचे?

आणि हा अभ्यास काही सोन्याचा नाही. सुरुवातीला जवळपास सहा हजार मुली होत्या, चार वर्षांनी त्यातल्या साधारण साठ टक्केच सापडल्या. बाकीच्या स्थलांतर करून गेलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, न सापडलेल्या. क्लबच्या आणि बिनक्लबच्या वस्त्यांत हरवण्याचं प्रमाण सारखं असेल तर तुलना टिकते, आणि हे संशोधक तपासतात. तरीही चाळीस टक्के म्हणजे चाळीस टक्के. माझ्या ११ मुली शोधायला दोन महिने लागले होते, म्हणून मला तो आकडा नुसता आकडा वाटत नाही. मला त्यात कोणीतरी एक बंद मोबाईल नंबर पुन्हा पुन्हा लावत बसलेलं दिसतं.

अजून एक खाच. इच्छेविरुद्ध संबंध, गर्भनिरोधक, हे सगळं मुलीला विचारूनच कळतं. वर्षभर क्लबमध्ये 'असं करावं' हे ऐकलेली मुलगी सर्वेक्षणात तसंच उत्तर देऊ शकते. आमच्या मुली तर इतक्या तरबेज आहेत की प्रश्न अर्धा असतानाच 'आत्मविश्वास वाढला' म्हणतात. म्हणून मला स्वतःला मूल झालं का, लग्न झालं का, शाळेत नाव आहे का, या उत्तरांवर जास्त भरवसा वाटतो. ती लपवायला कठीण.

बरं, युगांडात जमलं म्हणून तोच उपक्रम टांझानियात नेला. संस्था तीच, साचा तोच, सोडतही काढली. बहुतेक बाबतींत परिणाम दिसला नाही. संशोधकांनी जे लिहिलं त्याचा सारांश असा की साधनं कमी पडली, अंमलबजावणी तशी झाली नाही. झांबियात पॉप्युलेशन कौन्सिलने दहा हजारांहून जास्त मुलींसाठी दोन वर्षं दर आठवड्याला मेंटॉरबरोबर गट चालवले, आरोग्यासाठी व्हाउचर दिलं, बचत खातं उघडून दिलं. मुलींची माहिती वाढली, बचत वाढली, आपल्याला जमेल ही भावना वाढली. उपक्रम संपल्यावर दोन वर्षांनी बघितलं तर लग्न आणि गर्भारपण यांत फरक नव्हता. मुलगी बदलली, पण तिच्या लग्नाचं ठरवणारे तिचे बाबा, काका, मामा त्या वर्गात कधी बसलेच नव्हते. हा शेवटचा भाग माझा, पण त्या अभ्यासाचा कलही त्याच बाजूला आहे.

झांबियाचा तो निष्कर्ष वाचून मी दोन दिवस गप्प होते. दर आठवड्याला, मेंटॉरबरोबर, मुलींचा गट. हे तर आमचंच वर्णन आहे.

आमच्या संस्थेत एक मोठ्या ताई आहेत, पन्नाशीच्या, वस्तीत तीस वर्षं काढलेल्या. त्यांच्यापुढे मी सोडतीचा प्रस्ताव मांडला. त्या वर्षी ७१ अर्ज आले होते आणि जागा ३५. मी म्हटलं, ताई, नाहीतरी निम्म्यांना नाही म्हणायचंच आहे. आजवर आपण 'ही होतकरू वाटते' बघून घेतो. चिठ्ठी टाकू, आणि दोन्हींकडच्या मुलींचं काय होतं ते बघू.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मुली काय तुझ्या कंपनीतलं बटण आहेत का?"

मग आमचं बरंच झालं. मी त्यांना सांगितलं की अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्सने १९९० च्या दशकात ९५९ मुलामुलींवर असंच केलं, बाहेरच्या गटाला दीड वर्ष प्रतीक्षायादीत ठेवलं आणि मग त्यांनाही मेंटॉर मिळण्याची वाट मोकळी ठेवली. ताई म्हणाल्या, "दीड वर्षाने माझी मुलगी दहावीत राहील का गं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा दुसरा मुद्दा आणखी टोकदार होता: जिच्या घरी सोयरीक बघायला पाहुणे येऊन गेलेत, तिची चिठ्ठी निघाली नाही तर मी काय करू, आकडेवारी वाचू?

शेवटी असं ठरलं. ताईंना ज्यांची काळजी फार वाटते अशा तीन मुली सोडतीशिवाय आत. त्या तुलनेत कुठल्याच बाजूला मोजायच्या नाहीत. बहिणी-बहिणी असतील तर एकच चिठ्ठी. उरल्या ६८, त्यात बहिणींची एक जोडी, म्हणजे चिठ्ठ्या ६७. एका मित्राने विचारलं, कोडची एक ओळ आहे, चिठ्ठ्या कसल्या फाडतेस? पण मी लॅपटॉपवर एंटर दाबलं असतं तर त्या ३६ आयांनी माझ्यावर का विश्वास ठेवावा? जूनमधल्या एका रविवारी समाजमंदिरात स्टीलच्या डब्यात घड्या घातल्या आणि चौथीतल्या एका पोराने चिठ्ठ्या काढल्या. ३२ आत, ३६ बाहेर. आधीच्या वर्षी निवड झाली नाही म्हणून दोन आया भांडायला आल्या होत्या. या वर्षी कोणी भांडलं नाही. एक बाई जाताना म्हणाल्या, "म्हाडाचंबी लागत नाही आमचं."

आता माझी दुसरी कबुली. सोडतीच्या आदल्या रात्री मी हिशोब केला होता. युगांडासारखा फरक, शंभरात दहाचे पंधरा, खात्रीने ओळखायचा असेल तर प्रत्येक बाजूला साधारण सातशे मुली लागतात. तेही मुली एकेकट्या वाटल्या तर. वस्त्या वाटल्या तर आणखी जास्त. आमच्याकडे एका बाजूला ३२, दुसऱ्या बाजूला ३६. इतक्या थोड्यांत योगायोगाने पाच-सहा मुली इकडच्या तिकडे झाल्या तरी आकडे नाचतात. शिवाय सगळ्या एकाच वस्तीतल्या, नळ एकच. म्हणजे आमच्या सोडतीतून 'उपक्रम चालतो' किंवा 'चालत नाही' असं काहीही सिद्ध होणार नाही, हे मला आधीच माहीत होतं.

हे मी ताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग एवढा खटाटोप कशाला?"

मी दिलेलं उत्तर त्यांना पटलं की नाही, माहीत नाही. एक, ३५ जागा वाटायची यापेक्षा न्याय्य पद्धत मला दिसत नाही. 'होतकरू' मुली निवडून मग त्या होतकरू निघाल्या म्हणून फोटो छापायचा, हे थांबतं. दोन, सात-आठ संस्थांनी एकाच पद्धतीने सोडत काढली आणि एकच प्रश्नावली वापरली तर काही वर्षांत आकडा सातशेपर्यंत जाऊ शकतो. दोघांशी बोलणं चालू आहे, अजून होकार नाही. आणि तीन, आता माझ्या शीटमध्ये ६८ नावं आहेत आणि 'सक्रिय' हा कॉलम मी काढून टाकलाय. पहिल्या दिवशीचं नाव शेवटच्या दिवशी तिथेच असतं, पुढे काहीही लिहिलेलं असो. या वर्षीच्या अहवालात टक्के छापू नयेत असं मी सुचवलंय. देणगीदार काय म्हणतात बघू.

तर या मे महिन्यात मी बाहेरच्या ३६ जणींना फोन करायला घेतले. अजून सातजणी सापडायच्या आहेत. आतल्या मुलींना फोन करणं सोपं असतं, त्या ओळखीच्या. बाहेरच्यांना काय सांगणार? एका मुलीने पहिल्याच वाक्याला विचारलं, "ताई, माझी चिठ्ठी नव्हती ना निघाली? मग आता कशाला फोन?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, तुझं कसं चाललंय ते आम्हाला माहीत असायला हवं, म्हणून. ती थोडा वेळ गप्प. मागे मिक्सरचा आवाज. मग म्हणाली, ६८ टक्के पडलेत, अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचाय, सायबर कॅफेवाला पैसे मागतोय आणि पसंतीक्रम म्हणजे काय ते घरी कोणालाच कळत नाहीये. "तुम्ही सांगता का?"

आता नियमाने मी सांगायला नको होतं. ती कंट्रोल ग्रुपमध्ये आहे. मी तिला मदत केली की ती 'आम्ही नसतो तर'च्या जगात राहत नाही. हे सगळं मला माहीत होतं. ज्या बाईने एवढा वाद घालून चिठ्ठ्या घातल्या, तीच मी.

मी तिला व्हिडिओ कॉलवर यायला सांगितलं. भाग एक, भाग दोन, कॉलेजांचे कोड, मागच्या वर्षीचा कटऑफ, घरापासून कुठली बस जाते. तासभर लागला. तिची आई मध्ये येऊन बघून गेली.

फोन ठेवल्यावर मी शीटमध्ये एक नवा कॉलम केला, 'मदत केली', आणि तिच्या नावापुढे 'हो' लिहिलं, तारीख घातली. सात नंबर अजून लागायचे आहेत.